कारैकुडीला जुन्या वस्तू घ्यायला जाताय? आधी वस्तू उलटी करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुढच्या महिन्यात चार दिवस चेट्टिनाडला, म्हणजे तामिळनाडूतल्या कारैकुडीच्या परिसरात जाताय, नव्या फ्लॅटसाठी एखादा जुना कोरीव दरवाजा, एक कपाट आणि थोडी पितळी भांडी घ्यायची इच्छा आहे. पण खरी अँटिक वस्तू ओळखायची कशी, फसवणूक कशी टाळायची आणि यातलं कायद्यात काय बसतं, हे कळत नाही.

मी गेली सव्वीस वर्षं जुन्या फर्निचरची दुरुस्ती करतो. कारैकुडीला पहिल्यांदा गेलो तो एका गिऱ्हाइकाच्या मोडलेल्या कपाटाला जुळतील अशा जुन्या सागाच्या फळ्या शोधायला. तेव्हापासून वर्षा-दोन वर्षांनी फेरी होतेच. त्यामुळे जे प्रत्यक्ष हाताखालून गेलं, त्याच्या आधारावर सांगतो.

आधी प्रश्नच जरा बदलून घेऊ. 'खरी की खोटी' ही विभागणी तिथं फारशी उपयोगी पडत नाही. मला तिथं निखळ बनावट वस्तू कमीच भेटल्या. लाकूड बहुतेक वेळा जुनंच असतं, पितळही जुनंच असतं. विचारायचं असतं ते हे, की समोरची वस्तू मूळची किती उरली आहे. एखादं कपाट जसंच्या तसं घरातून आलेलं असतं. एखाद्याचे पाय किंवा पाठ बदललेली असते. एखादं तीन मोडक्या कपाटांतून एक उभं केलेलं असतं. आणि एखादं जुन्या तुळयांचं लाकूड चिरून गेल्या वर्षी बनवलेलं असतं. या चारही वस्तू घ्यायला हरकत नाही. चौथी तर रोजच्या वापराला अनेकदा पहिलीपेक्षा बरी पडते, कारण ती आजच्या मापाची असते. फक्त चौथीला पहिलीचा भाव द्यायचा नाही, आणि त्यासाठी आपण कोणती घेतोय हे आपल्याला कळलं पाहिजे.

हा माल तिथं इतका का आहे, हे समजलं की बरंच काही आपोआप उलगडतं. चेट्टिनाड म्हणजे तामिळनाडूतल्या शिवगंगा आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांतली सत्तरहून अधिक गावं. कारैकुडी आणि देवकोट्टै ही त्यातली मोठी शहरं. नाट्टुकोट्टै चेट्टियार हा इथला सावकारी करणारा समाज. ब्रह्मदेश, सिलोन, मलाया इथं त्यांच्या पेढ्या होत्या. साधारण १८५० ते १९४० या काळात त्यांनी गावाकडे प्रचंड वाडे बांधले: ब्रह्मदेशचा साग, इटलीचा संगमरवर, बेल्जियमचे आरसे. १९४२ साली जपाननं ब्रह्मदेश घेतला, १९४८ मध्ये तो स्वतंत्र झाला आणि पुढं १९६२ नंतरच्या लष्करी राजवटीत राष्ट्रीयीकरण आलं. तिकडचा पैसा आटला, इकडचे वाडे वारसांमध्ये वाटले गेले. एका वाड्याला वीस-पंचवीस वाटेकरी, त्यातले निम्मे परगावी, आणि छप्पर शाकारायचा खर्च कुणी करायचा यावर एकमत नाही. मग कधीतरी वाडा उतरवला जातो. खांब, दारं, आरसे, भांडी, सगळं सुटं होऊन कारैकुडीतल्या मुनीश्वरन कोविल स्ट्रीटवरच्या दुकानांत येतं.

म्हणूनच माझा तिथला पहिला प्रश्न 'किती वर्षं जुनं?' हा कधीच नसतो. त्याला 'शंभर वर्षं' हे ठरलेलं उत्तर मिळतं. मी विचारतो, 'हे घरात कुठं बसवलेलं होतं?' माहीतगार दुकानदार लगेच सांगतो: आतल्या चौकाचं दार, भांड्यांच्या खोलीचं कपाट, ओसरीवरचा बाक. त्याची सांगण्याची पद्धत आणि वस्तूवरची झीज यांचा मेळ बसतो का ते बघायचं. ओसरीवरच्या बाकाला पुढच्या कडेला मांड्यांनी घासून आलेली गोलाई हवीच. दाराला कडीच्या आसपास हाताच्या तेलानं आलेला काळपटपणा हवा. झीज जिथं माणसाचा हात, पाय, पाठ लागते तिथंच असते. सगळीकडे सारखीच 'जुनी' दिसणारी वस्तू पॉलिश कागद मारून जुनी केलेली असते.

आता कपाटाकडे. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मी एका दुकानातून दोन दारांचं एक कपाट घेतलं. वर नक्षीचा मुकुट, आत चार फळ्या, 'एकाच घरातलं, जसंच्या तसं' असं सांगून दिलेलं. संध्याकाळ झाली होती, टेंपो उभा होता, मी दारं उघडून आत नजर टाकली आणि पैसे दिले. कारखान्यात आणून दारं सुटी केली तेव्हा दिसलं: चौकटीवर बिजागरीच्या जुन्या खाचा लाकडी चिपा ठोकून बुजवलेल्या, आणि आताच्या बिजागऱ्या त्यांच्या चार बोटं खाली. म्हणजे दारं दुसऱ्याच कपाटाची. पाठ काढली तर ती प्लायची, काळपट रंग देऊन फळीसारखी केलेली. ते कपाट मी गिऱ्हाइकाला जुनं म्हणून देऊ शकलो नाही. आजही माझ्या हत्यारांचं कपाट तेच आहे. त्या दिवसानंतर उजेड असताना आणि वस्तू भिंतीपासून पुढं ओढल्याशिवाय मी व्यवहार केलेला नाही.

तुम्हीही तसंच करा. ड्रॉवर असेल तर तो पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. आतलं लाकूड कोरडं, करडं-तपकिरी, न रंगवलेलं असलं पाहिजे. जुन्या काळी आतून कुणी पॉलिश करत नसे. मग ड्रॉवरच्या बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडा बघा. वर्षानुवर्षं ओढून त्या झिजतात, बहुधा मागच्या बाजूला जास्त. आता कपाटाच्या आत टॉर्च मारा: ज्या पट्टीवरून तो ड्रॉवर सरकतो, तिच्यावरही तसाच घासलेला चर दिसायला हवा. दोन्ही झिजा एकमेकींशी जुळल्या तर ड्रॉवर त्याच कपाटाचा. ड्रॉवर झिजलेला आणि पट्टी सपाट, कोरी असेल तर काहीतरी बदललेलं आहे. एवढी एकच तपासणी शिकलात तरी निम्मं काम झालं.

पुढची दोन बारीक कामं. पांढरा फडका ओला करून आतल्या कोपऱ्यात जोरात पुसा. रंग फडक्यावर आला तर पोटॅशचं पाणी किंवा स्टेन मारून नव्या लाकडाला वय दिलेलं आहे. आणि स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचा स्क्रू बाजारात आला तोच १९३० च्या दशकात. तो दिसला म्हणजे वस्तू नवी असं नाही, पण त्या जागी नंतर हात लागलाय हे नक्की. गोल टेबल घेत असाल तर मोजपट्टीनं दोन्ही दिशांनी व्यास मोजा. लाकूड आडव्या दिशेनं आकसतं, रेषेच्या दिशेनं जवळजवळ नाही. त्यामुळे जुना गोल पाट काही मिलिमीटर तरी लांबट झालेला सापडतो.

पॉलिशबद्दल एक विनंती. जुन्या वस्तूवर बहुधा चपड्याचं (लाखेचं) पॉलिश असतं. दुकानदार कौतुकानं म्हणेल, 'दोन दिवसांत घासून नवी करून देतो.' देऊ नका. एकदा मशीननं घासलं की शंभर वर्षांत आलेला पृष्ठभाग गेला, तो पुन्हा आणता येत नाही. वस्तू मळकी आहे तशी घ्या. साफसफाई आपल्या गावी, माहीतगार माणसाकडून, हातानं.

दरवाजाचं मात्र तुम्ही नीट विचार करून ठरवा. चेट्टिनाडच्या वाड्यांची मुख्य चौकट सुंदर असतेच. आपल्याकडे जिथं गणेशपट्टी असते, तिथं त्यांच्याकडे बहुतेकदा गजलक्ष्मी कोरलेली असते. पण ती चौकट वाड्याच्या मापाची आहे. तिचं वजन काही माणसांनी मिळून उचलण्याइतकं असतं, लिफ्टमध्ये ती बसत नाही, आणि फ्लॅटच्या प्रवेशदाराच्या गाळ्यात तर नाहीच. शिवाय जुनी दारं बिजागरीऐवजी वर-खालच्या खुंट्यांवर फिरतात, त्यासाठी उंबरठ्यात आणि वर छिद्र लागतं. 'मापात कापून देतो' असं कुणी म्हणालं तर कोरीव चौकटीच्या बाबतीत सरळ नाही म्हणा. मी तुमच्या जागी असतो तर आतल्या खोलीचं एखादं साधं, दोन फळ्यांचं दार घेतलं असतं. ती दारं मापानं लहान असतात, हातानं केलेलं काम त्यातही तितकंच असतं, आणि दोन खोल्यांच्या मध्ये ती सहज बसवता येतात. निघण्यापूर्वी भिंतीतल्या गाळ्याची रुंदी, उंची आणि भिंतीची जाडी, तसंच जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दार, सगळं मोजून कागदावर लिहून न्या.

याला जोडूनच एक गोष्ट, जी मला मनापासून महत्त्वाची वाटते. दाराला अजून भिंतीचा ताजा, पांढरा चुना चिकटलेला असेल, किंवा कुणी फोनवर उभ्या वाड्याचे फोटो दाखवून 'यातलं हवं ते सांगा, काढून देतो' म्हणत असेल, तर तो सौदा सोडा. ही गावं २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत आणि काही घराणी पदरमोड करून वाडे सांभाळतायत. आधीच पडलेल्या वाड्याचं दार घेणं वेगळं आणि आपल्या मागणीपायी उभं घर उघडं पाडणं वेगळं. जुन्या फरशांनाही हेच लागू. त्या उखडताना निम्म्या फुटतात. त्यापेक्षा अत्तंगुडी गावात काचेवर रंग ओतून, त्यावर सिमेंट-वाळू भरून हातानं केल्या जाणाऱ्या फरशा आजही तयार होतात. कारागिराकडून नव्या घ्या, त्याचं काम चालू राहील.

पितळी भांड्यांकडे वळतो, कारण पहिल्या फेरीत तुम्हाला सगळ्यात समाधान तीच देतील असं मला वाटतं. चेट्टियार लग्नांत मुलीला भांड्यांचा अक्षरशः संसार दिला जाई: डबे, तपेली, समया, पाण्याचे हंडे, सगळं डझनांनी. बऱ्याच भांड्यांवर घराण्याची आद्याक्षरं तमिळमध्ये कोरलेली असतात. माझ्याकडे असा एक डबा आहे. झाकणाच्या कडेला तीन अक्षरं, ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली. पहिलं अक्षर अंगठा ठेवून झाकण उघडण्याच्या जागी आल्यामुळे जवळजवळ पुसलं गेलंय, उरलेली दोन स्वच्छ आहेत. अशी झीज कुणी मुद्दाम करत बसत नाही. अक्षरं ताजी, धारदार आणि आतून चमकणारी असतील तर ती परवा कोरलेली समजा.

भावासाठी सोपा आधार घ्या. भांड्याचं वजन करायला सांगा आणि त्या दिवशीचा पितळेच्या मोडीचा भाव विचारा. मोडीची किंमत हा तळ. त्यावर जे मागतात ती घडणीची, वयाची आणि दुर्मीळपणाची किंमत. ती किती द्यायची हे तुमच्यावर आहे, पण निदान आपण कशाचे पैसे देतोय हे कळतं. सोबत छोटं लोहचुंबक ठेवा. ते चिकटलं तर लोखंडावर पितळेचा मुलामा आहे. उरुळी, म्हणजे रुंद तोंडाचं पसरट काशाचं भांडं, घेताना टिचकी मारून ऐका. काशाचा नाद लांबतो, तडा असेल तर आवाज लगेच बसतो. ज्यात रांधायचं आहे त्याला आतून डाख (सांधा जोडायला वितळवून लावलेला धातू) नसावा, कारण जुन्या डाखात शिसं असतं. पितळेला कल्हई तर लागतेच, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. आणि दुकानात चकाकी आणून दिलेलं भांडं घेण्यापेक्षा कोपऱ्यातलं काळवंडलेलं मागा, त्यावरच्या खुणा शाबूत असतात.

इनॅमलच्या भांड्यांचं थोडक्यात सांगतो. तळाचा शिक्का वाचा. स्वीडनच्या कॉकम्स कंपनीचा शिक्का तिथं बराच सापडतो. चेकोस्लोव्हाकिया असं लिहिलेलं भांडं १९१८ च्या आधीचं असणार नाही, कारण त्याआधी तो देशच नव्हता. टवके उडालेले चालतील, मात्र ही भांडी शोभेला किंवा कोरड्या वस्तू ठेवायलाच वापरा. जुन्या लाल-पिवळ्या मुलाम्यात शिसं, कॅडमियम असू शकतं. आरसा घेतलात तर पारा उडालेला तसाच ठेवा, नवा पारा चढवला की तो साधा आरसा होतो.

रविवर्म्याच्या चित्रांचे छाप तिथं हमखास दिसतील आणि मराठी माणसाचा हात त्यांच्याकडे जातोच. ते छापणारा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चेट्टिनाडच्या घरांत हे छाप भरपूर होते, काहींवर जर आणि टिकल्या लावून देवीला साडी नेसवलेली असते. दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या. जुन्या शिळाछापात ठिपके अनियमित, वाळूसारखे विखुरलेले दिसतात आणि रंगांचे थर वेगवेगळे कळतात. भिंगाखाली ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर ती आजची ऑफसेट प्रत, चौकट कितीही जुनी असो. जुन्या चौकटीत नवं चित्र घालणं फार सोपं आहे, म्हणून मागचा कागदही बघायचा.

इथवरचं एका दमात: कुठं बसवलं होतं हे विचारा, झीज जुळते का बघा, आतली आणि मागची बाजू तपासा, पितळ वजनावर तोला, चित्र भिंगाखाली धरा. आता कायदा. यात ढिलाई नको.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरावस्तू' ठरते, हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. मूर्ती, शिल्पं, चित्रं अशा ठरावीक प्रकारांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं. तुमचा बेत भांडी आणि कपाटापुरता आहे, तो तसाच ठेवा. देवळातली वाटेल अशी दगडी किंवा पंचधातूची मूर्ती कुणी आतल्या खोलीत नेऊन दाखवली तर हातही लावू नका. तामिळनाडूत मूर्तिचोरीसाठी पोलिसांची स्वतंत्र शाखा १९८३ पासून आहे. तिथल्या श्रीपुरंदन गावच्या देवळातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं २००८ मध्ये विकत घेतला आणि २०१४ मध्ये त्यांना तो परत करावा लागला. मोठमोठ्या संस्था जिथं कागदपत्रांना फसतात, तिथं आपण दुकानदाराच्या शब्दावर विसंबून चालणार नाही. हस्तिदंताचं जडावकाम असलेली वस्तूही सोडून द्या. त्याची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्यानं बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. आणि परदेशातल्या नातेवाइकाला काही पाठवायचं मनात असेल तर शंभर वर्षांपुढची वस्तू पाठवता येत नाही. त्यापेक्षा अलीकडची असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो.

बिल पक्कं घ्या. त्यावर वस्तूचं वर्णन लिहून मागा: 'जुन्या लाकडाचं, पाठ बदललेली' असं असेल तर तसंच. तोंडी 'ओरिजिनल' म्हणणारा विक्रेता कागदावर ते लिहायला तयार होतो का, यावरून मला बरंच कळतं.

चार दिवस कसे वाटावेत, हे तुमच्या स्वभावावर आहे. मी पहिला दिवस खरेदीला ठेवत नाही. कानडुकातान या चेट्टिनाडमधल्याच गावी जातो, लोकांना बघता येतो असा एखादा वाडा आत शिरून पाहतो. खांब जागेवर कसे उभे असतात, दारांची मापं काय, भांडी कुठं लावलेली असतात, हे एकदा नजरेत बसलं की दुसऱ्या दिवशी दुकानातली वस्तू आपोआप बोलते. दुसऱ्या दिवशी सगळी दुकानं फिरायची, फोटो आणि भाव टिपायचे, काही घ्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात परत जाऊन घ्यायचं. भाव करताना वस्तूला नावं ठेवू नका. एका दुकानातून तीन-चार वस्तू एकत्र घ्या, मग तुटणारा भाव आपोआप तुटतो.

चौथा दिवस पॅकिंगचा, आणि तो समोर उभं राहून करून घ्यायचा. काच वेगळी, ड्रॉवर वेगळे, कपाटाला जुन्या गोधड्या आणि वरून लाकडी पिंजरा. प्लॅस्टिकमध्ये आवळून बांधू देऊ नका. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पाऊस असतो, आत दमट हवा कोंडली की बुरशी धरते. बांधण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे फोटो काढा आणि वाहतुकीचा विमा उतरवा.

वस्तू घरी आली की तिला लगेच बाकीच्या लाकडी सामानाशेजारी ठेवू नका. गॅलरीच्या सावलीत, विटांवर, एसीच्या झोतापासून लांब ठेवा आणि खाली काळा कागद अंथरा. दोन आठवडे रोज तो बघा. काही पडलं नाही तर खुशाल आत घ्या. पिठासारखी ताजी भुकटी दिसली तर त्यात भुंगा जिवंत आहे. मग त्या भोकांचा आणि भुकटीचा जवळून फोटो पाठवा, कोणतं औषध कसं भरायचं ते सांगतो.